दोन जॅकेटं, सहा दिवस आणि मृगाचा पाऊस

४ जून, पुणे ते सोलापूर

पहाटे साडेपाचला भाचा त्याची बाइक घेऊन हडपसरच्या पुलाखाली उभा होता. त्याला बघून मी पहिलं विचारलं, "अरे, सोलापूरला चाललायस की सियाचिनला?"

अंगात नवंकोरं काळं टूरिंग जॅकेट, गळ्यापर्यंत चेन लावलेली, आत पावसाचं अस्तर जोडलेलं. थंडीचं अस्तर तेवढं बॅगेत होतं. "मावशी, ऑल वेदर आहे हे," तो म्हणाला. दुकानदाराचं वाक्य त्याने जसंच्या तसं पाठ केलं होतं.

हे जॅकेट घ्यायला दोन आठवड्यांपूर्वी मीच त्याच्याबरोबर गेले होते. दुकानातल्या एसीत सगळीच जॅकेटं बरी वाटतात. आरशासमोर छाती काढून उभं राहिलं की आणखी बरी वाटतात. मी त्याला दुकानातल्या बाइकवर बसवलं आणि हँडल धरायला लावलं. गाडीवर बसल्यावर पाठ उघडी पडते का, बाही मनगटाच्या वर सरकते का, कोपराचा आर्मर, म्हणजे धक्का झेलणारा पॅड, कोपरावरच राहतो का, हे आरशात कळत नाही. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. कित्येक वर्षं मी पुरुषांचं मीडियम साइझ वापरलं, कारण बायकांच्या मापाचं मिळायचंच नाही. खांद्याचा आर्मर दंडावर लोंबायचा आणि मला वाटायचं, असंच असतं.

आतली पांढरी पट्टीही वाचायला लावली. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात एएए, एए, ए, बी आणि सी अशा पाच श्रेणी आहेत. एएए सगळ्यात कणखर. बीमध्ये आर्मर नसतो आणि सी म्हणजे नुसता आर्मर धरून ठेवणारा जाळीचा सदरा. भाच्याच्या जॅकेटवर एए होतं, माझ्या जाळीच्या जॅकेटवर नुसतं ए. रस्त्यावर घासत गेले तर माझं जॅकेट त्याच्याआधी फाटणार, हे मला माहीत आहे. वारा हवा म्हणून केलेला हा सौदा आहे. आर्मरचं मानक वेगळं असतं. कोपर-खांद्याच्या पॅडवर लेव्हल १ असेल तर चाचणीत पलीकडे पोचणारा धक्का सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत हवा, लेव्हल २ असेल तर २० च्या आत. त्याच्या पॅडवर २ होता. पाठीच्या खिशात मात्र स्लीपरच्या तळव्यासारखा साधा फोम निघाला. पाठीचा खरा आर्मर वेगळा विकत घ्यावा लागला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. अठरा हजारांवर आणखी दोन.

माझं जाळीचं साडेसात हजारांचं, तिसरा उन्हाळा बघणारं. वर घालायला पिवळाधमक रेनसूट.

भिगवणपर्यंत मजेत गेलो. इंदापूर ओलांडल्यावर उन्हाने रंग दाखवला. उजनीच्या पाण्यावरून येणारा वारासुद्धा गरमच होता. साडेदहाला भाच्याच्या फोनवर ३९ अंश दिसत होतं आणि रस्त्यावर त्याहून जास्त असणार. आरशात बघते तर त्याने जॅकेटची चेन बेंबीपर्यंत उघडलेली आणि जॅकेट मागे शिडासारखं फुगलेलं. टेंभुर्णीला थांबवून झापलं. पडलास तर उघडं जॅकेट बगलेपर्यंत वर जाईल, मग तुझे अठरा हजार डांबरावर आणि पाठही डांबरावर.

"पण मावशी, आत भट्टी झालीय."

झाली असणारच. पावसाचं अस्तर वारा अडवतं, म्हणजे छातीवरचे व्हेंट, हवेसाठीच्या झिपा, उघडले तरी हवा बाहेरच्या कापडापाशीच थबकते, अंगापर्यंत पोचत नाही. ढाब्याच्या बाजेवर बसून आम्ही ते अस्तर काढलं. चेन सोडली, मनगटापाशी दोन बटणं, मानेपाशी एक लूप. दहा मिनिटं लागली. त्याचा टीशर्ट पिळला असता तर पेलाभर पाणी निघालं असतं. दोघांनी ओआरएस घेतलं, वर ताक.

पुढे मी माझी नेहमीची युक्ती केली. बाटलीभर पाणी टीशर्टवर ओतलं आणि वरून जाळीचं जॅकेट घातलं. पहिली वीस मिनिटं माथेरान, पुढची दहा मिनिटं पुणे, मग परत सोलापूर. चाळिशीच्या हवेत नुसता वारा लागून गारवा येत नाही. वारा अंगापेक्षा गरम असला की उलट भाजतो, गारवा देतं ते वाळणारं पाणी. म्हणून दर अर्ध्या तासाला थांबून परत ओतायचं. उघड्या हातांनी, नुसत्या शर्टावर गाडी चालवणाऱ्यांना वाटतं आपण सुखी. ती कातडी संध्याकाळी बघावी.

सोलापुरात ताईने दार उघडलं आणि मुलाचा लालबुंद चेहरा बघून माझ्याकडे असं बघितलं की जून महिना मीच आणलाय. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. भाचा ताटावरच पेंगायला लागला.

५ जून, सोलापूर ते कोल्हापूर

निघताना ताईने परत अट घातली. एकमेकांना सोडून पुढे जायचं नाही, आणि काही झालं तर तिला कळवायचं. मी हो म्हटलं.

मंगळवेढा, सांगोला, कवठे महांकाळ, मिरज असा रस्ता. रुंद, सरळ आणि सावलीच्या नावाने बोंब. मंगळवेढ्याची काळी रानं नांगरून पडलेली, सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा. भाच्याने आज माझी युक्ती केली, टीशर्ट भिजवला. सांगोल्याला थांबलो तर म्हणाला, "इडलीपात्रात बसल्यासारखं वाटतंय." जाड कापडातून हवाच फिरत नसेल तर पाणी वाळणार कुठे? ते आतच वाफाळत राहतं. त्याच्या जॅकेटला छातीवर दोन आणि पाठीला दोन झिपा आहेत. गाडीला पुढे मोठी काच असल्यामुळे छातीच्या झिपांपर्यंत वारा येतच नाही. दुकानात हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला बाइकवर बसवलं होतं, पण ती बाइक दुकानातली होती, त्याची नव्हे.

तीनच्या सुमाराला कवठे महांकाळच्या पुढे नैर्ऋत्येला आभाळ जांभळं झालं. आधी धूळ आली, मग ओल्या मातीचा वास, मग एकदम वळीव. करवंदाएवढे थेंब आणि त्यांत गारा. हेल्मेटवर टप टप नाही, ताशा. झाडाखाली थांबायचं नाही हे ठरलेलंच होतं, विजा कडाडत होत्या. पेट्रोल पंप दोन किलोमीटरवर दिसत होता.

तेवढ्यात दोघांचीही शोभा झाली. माझा रेनसूट बॅगेच्या तळाशी, ताईने दिलेल्या चटणीच्या डब्याखाली, कारण "पाऊस कोकणात लागेल". जाळीच्या जॅकेटला पाऊस म्हणजे चाळणीला पाणी. मिनिटभरात आतपर्यंत भिजले. भाच्याचं अस्तर घडी करून बॅगेत. ते लावायचं तर भर पावसात जॅकेट काढायचं, उलटं करायचं, चेन जोडायची. तोवर जॅकेट आतून ओलं झालेलंच. अस्तर आत असण्याची ही गोम आहे. पाऊस यायच्या आधीच ते लावलेलं असावं लागतं, आणि पाऊस यायच्या आधी तर भट्टी असते.

पंपाच्या छपराखाली पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते. तासाभरापूर्वी अडतीस अंशांत भाजत होते, आता ओल्या कपड्यांतून सत्तरच्या वेगाचा वारा. ५ जूनला, मिरजेच्या अलीकडे, मी थंडीने कुडकुडत उभी. पंपावरचा पोरगा चहा घेऊन आला आणि पैसे घेईना.

कोल्हापुरात तांबडा-पांढरा. बाकी कोल्हापूरबद्दल काही लिहीत नाही, लिहायला बसले की थांबता येत नाही. रात्री दोन्ही जॅकेटं पंख्याखाली टांगली. सकाळी माझं कोरडं होतं. त्याचं बाहेरून कोरडं, पण कॉलरमध्ये आणि पाठीच्या पॅडमागे दाबलं की पाणी.

६ जून, कोल्हापूर ते मालवण

राधानगरीचा रस्ता. धरणाच्या स्वयंचलित दरवाजांजवळ कुणी नव्हतं, पाणी खाली गेलेलं. दाजीपूरच्या जंगलात ढग इतके खाली उतरले होते की भर दुपारी दिवे लावले. तिथे पहिल्यांदाच दोघांची जॅकेटं एकाच वेळी बरोबर होती. पंचवीस-सव्वीस अंश, कोरडा रस्ता, मंद वारा. अशा हवेत जॅकेट विकत घ्यावं आणि अशाच हवेत चालवावं.

फोंडा घाट उतरायला लागलो आणि प्रत्येक वळणाला कुणीतरी अंगावर एकेक ओली चादर टाकत गेल्यासारखं झालं. खाली कणकवलीत तापमान सोलापूरपेक्षा कितीतरी कमी, तरी घाम जास्त. इथे घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. माझी जाळीसुद्धा गाडी पळते तोवरच. एसटीच्या मागे वीसच्या वेगाने रखडलो की जाळी काय आणि गोधडी काय, सारखंच.

मालवणात ज्या घरी उतरलो तिथल्या काकींनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गो बाय, ह्या काय घातलंस? उकडत नाय तुका?" मी म्हटलं, उकडतं हो काकी. "मगे?" या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अंघोळीला गेले.

संध्याकाळी दोन्ही जॅकेटांच्या चेनी गोड्या पाण्याने पुसल्या. खाऱ्या हवेत धातूची चेन अडायला वेळ लागत नाही, माझ्या आधीच्या जॅकेटची अशीच गेली.

७ जून, मालवण ते आंबोली

आज मृग निघाला आणि काय नेमका आला! पहाटे कौलांवर आधी एक सर, मग दुसरी, मग मधली उसंतच बंद. काकींनी हात जोडले आणि आम्ही बॅगा आवळल्या.

आज शहाणे होतो. भाच्याने पडवीतच अस्तर लावलं, मी पडवीतच रेनसूट चढवला. जेमतेम ऐंशी किलोमीटरचा टप्पा होता. कुडाळ गेलं, सावंतवाडीत मोती तलावाशेजारी चहा झाला. तिथवर दोघंही आतून कोरडे, म्हणजे तो पावसापुरता कोरडा आणि मीही पावसापुरतीच. रेनसूटच्या आत माझा घाम साचून टीशर्ट अंगाला चिकटला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पोळ्या ठेवल्या की जे होतं ते.

दाणोलीपासून घाट सुरू झाला आणि खरा पाऊस तिथे लागला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणतात ते वाचायला ठीक, पण तो अंगावर पडतो तेव्हा मोजमाप सुचत नाही. रस्त्याच्या डाव्या अंगाने लाल पाण्याचे ओहोळ, काचेवर आतून धुकं, बाहेरून धार. भाचा पुढे होता. त्याचं जॅकेट काळ्याचं आणखी काळं झालेलं दिसत होतं. बाहेरचं कापड पाणी पिऊन तुडुंब. आतलं अस्तर पाणी अंगापर्यंत येऊ देत नाही, पण वरचं भिजलेलं कापड अंगाभोवती ओल्या फडक्यासारखं बसतं आणि वाऱ्याबरोबर अंगातली ऊब ओढून नेतं. शिवाय घामाची वाफ बाहेर जाण्याचा जो गुण लेबलवर लिहिलेला असतो, तो बाहेर पाण्याचाच थर बसला की संपतो. हे टाळायचं तर पाणी अडवणारा पापुद्रा थेट बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला हवा. तशी जॅकेटं मिळतात. दुकानात एक बघितलं होतं, किंमत ऐकून भाच्याने हात परत खिशात घातला होता.

वर पोचल्यावर एका चहाच्या टपरीसमोर मी वळले. वेग पंधराही नसेल. टपरीसमोरच्या डांबरावर बाजूच्या चढावरून आलेली लाल मातीची साय पसरली होती. पुढचं चाक वळलं आणि वळतच गेलं. पडताना वेळ हळू चालतो वगैरे काही झालं नाही. मी उभी होते आणि मग आडवी होते. उजवं कोपर आधी टेकलं, मग नितंब, मग गाडीचं इंजिनगार्ड खडखडलं.

उठले. भाचा धावत आला, टपरीवालेही आले, गाडी उचलली. हँडल सरळ, मी सरळ. मग कोपर बघितलं. रेनसूटला तळहाताएवढं भगदाड. खाली जाळीच्या जॅकेटचं कोपरावरचं जाड कापड खरवडलेलं, पण शाबूत. आणि त्याच्या आत आर्मरचा पॅड कोपरावर नव्हता. तो चार बोटं खाली, हाताच्या आतल्या बाजूला फिरून बसला होता. कोपराची कातडी सोलवटलेली आणि हाडावर टेंगूळ.

पॅड का फिरला, हे चहा पिताना उलगडलं. जॅकेटच्या दंडावर एक पट्टा असतो, बाही आवळायला. तो आवळला की पॅड जागेवर राहतो. सोलापूरच्या उन्हात, बाहीत वारा शिरावा म्हणून, मी तो पट्टा सोडला होता. दोन्ही हातांचा. त्यानंतर तीन दिवस तो सोडलेलाच होता. कालपरवा भाच्याला उघड्या चेनवरून व्याख्यान दिलं ती मीच.

"मावशी," भाचा म्हणाला, "आईला सांगायचं का?"

"नाही."

"तू म्हणालीस ना तिला, कळवू म्हणून."

"काही झालं तर, असं म्हटलं होतं. काय झालंय?"

त्याने कोपरावर हळदीचं बोट लावून देणाऱ्या टपरीवालीकडे बघितलं आणि गप्प बसला.

लॉजवर वीज गेलेली. माझा फाटका रेनसूट दारात झटकला आणि दोन मिनिटांत कोरडा. भाच्याचं जॅकेट उचललं तर हात खाली गेला, इतकं जड झालं होतं. छातीच्या एका खिशात चमचाभर नाही, चांगलं अर्धी वाटी पाणी. तो स्वतः वरून कोरडा होता हे मात्र कबूल करायला हवं. भिजला तो मनगटाशी आणि मांड्यांच्या सांध्यात, जिथे टाकीवरून ओघळलेलं पाणी जॅकेट आणि पँटच्या फटीतून आत शिरतं. जॅकेट आणि पँट एकमेकांना जोडायची चेन दोघांच्याही कपड्यांना होती. कुणीच लावली नव्हती. बाह्यांत आणि पाठीत मालकांकडून मागून आणलेली वर्तमानपत्रं कोंबून जॅकेट खुर्चीवर बसवलं. मेणबत्तीच्या उजेडात ते कुणीतरी पाहुणा आल्यासारखं दिसत होतं.

८ जून, आंबोली ते महाबळेश्वर

लांबचा टप्पा. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, तिथून हायवे. पाहुणा सकाळीही ओलाच होता. भाच्याने तो तसाच अंगात चढवला आणि पहिला तासभर एक शब्द बोलला नाही. निपाणीच्या पुढे पाऊस थांबला आणि हायवेच्या वाऱ्याने कराडपर्यंत जॅकेट बऱ्यापैकी वाळवलं. माझ्या दोन्ही दंडांचे पट्टे आवळलेले होते, हे मी दर दहा किलोमीटरला चाचपून बघत होते.

साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याने वर निघालो. केळघरचा घाट चढताना धुकं असं उतरलं की पुढे पाच-सहा गाडीलांबींपलीकडे सगळं पांढरं. आज भाचा मागे होता. आरशात त्याच्या हेडलाइटचा पिवळा ठिपका दिसे, वळणावर तो गेला की माणूसच नाही. काळं जॅकेट, काळं हेल्मेट, काळ्या बॅगा. माझ्या पिवळ्या सूटला तो पुण्यात "नगरपालिकेचा युनिफॉर्म" म्हणाला होता. वर पोचल्यावर स्वतःहून म्हणाला, "मावशी, मी फक्त तुझ्या पाठीकडे बघत गाडी चालवली."

तेराशे मीटरच्या वर, ढगात, संध्याकाळी अठरा अंश. आकडा काही भीतीदायक नाही, पुण्यात डिसेंबरच्या रात्री यापेक्षा काय वेगळं असतं? पण ओलसर कपडे, दमलेलं शरीर आणि चालत्या गाडीचा वारा मिळून अठराचे आठ होतात. रेनसूट वारा अडवतो, ऊब देत नाही. कोपरापाशी तर भगदाडच होतं, त्यावर चिकटपट्टी. खोलीत गेल्यावर मला गरम पाण्याची बादली येईपर्यंत बोलता येईना.

भाच्याने बॅगेतून थंडीचं अस्तर काढलं. चार दिवस ज्याला मी "सियाचिनची गोधडी" म्हणून हिणवलं होतं, तेच. त्याची चेन माझ्या जॅकेटला जुळणार नव्हती, पण स्वेटरसारखं नुसतं अंगात घालता येतं हे मला त्या दिवशी कळलं. बाह्या दोन इंच लांब. मी ते जेवतानाही काढलं नाही आणि झोपतानाही.

९ जून, महाबळेश्वर ते पुणे

सकाळी टीशर्ट, त्यावर भाच्याची गोधडी, त्यावर माझी जाळी, त्यावर फाटका पिवळा सूट. कांद्यासारखी निघाले आणि पसरणीचा घाट उतरताना एकेक पापुद्रा सोलत गेले. पाचगणीला सूट, वाईत गोधडी. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा टीशर्ट आणि जाळी, जशी पुण्यातून निघाले होते तशी.

शिरवळला भज्यांवर हिशेब झाला. भाचा म्हणाला, जॅकेट विकत नाही, पण पावसाचं अस्तर कायमचं कपाटात आणि वर घालायला माझ्यासारखा पिवळा सूट. मी म्हटलं, मला जाळीच हवी, पण आत घालायला असं पातळ, घडी होऊन मुठीत मावणारं गरम काहीतरी घेईन. "आणि मावशी, पाठीचा आर्मर," तो म्हणाला. माझ्या पाठीत तीन वर्षं तोच स्लीपरचा तळवा आहे, हे त्याने कधी बघितलं कुणास ठाऊक.

घरी येऊन जॅकेट धुतलं. आर्मर काढून, साध्या साबणाने, कंफर्ट वगैरे न घालता, बादलीत हाताने. पहिलं पाणी सोलापूरचं होतं, काळं. दुसरं आंबोलीचं, लाल. गॅलरीत टांगलं आणि दंडाचे पट्टे आवळूनच टांगलं, उगाचच.

साडेसातला ताईचा फोन आला. पोचलीस का, जेवलीस का, काहीच विचारलं नाही.

"कोपर कसंय?"